आधी शिक्का, मग कारागीर

वाचकाचं पत्र: ताई, मी मूळचा कोल्हापूरचा. गेली सहा वर्षं नोकरीनिमित्त जर्मनीत न्यूरेंबर्गला असतो. इथे मध्ययुगातलं जगणं साकारणारा एक हौशी गट आहे, त्यात दोन वर्षांपासून जातो. आमचा काळ हुसाइट युद्धांचा, म्हणजे चेक भूमीतल्या धर्मसुधारकांनी लढलेल्या लढायांचा, साधारण 1420 ते 1430. लहानपणी जंजिऱ्यावर कलालबांगडी तोफ पाहिली तेव्हापासून मला या गोष्टींचं वेड आहे. आता स्वतःची एक हाततोफ, म्हणजे दांड्यावर बसवून हातात धरायची छोटी तोफ, हवी आहे. टॅनेनबर्गला सापडली तशी, आणि खरी वाजणारी. नुसती शोभेची नको. पण बनवणारा कुठे शोधायचा तेच कळत नाही, आणि इथले भाव ऐकून छाती दडपते. माझ्या मामेभावाचं शिरोलीला लेथचं वर्कशॉप आहे. तो म्हणतो, ड्रॉइंग पाठव, आठ दिवसांत करून देतो. सुट्टीवरून परतताना सामानात घालून आणू का? घरात सात वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे बायकोचा या सगळ्याला विरोध आहे. काय करू?

उत्तर: मामेभावाचं आधी बोलते, कारण ते थांबू शकत नाही. ड्रॉइंग पाठवू नका. पाठवलं असेल तर आजच फोन करा आणि काम बंद ठेवायला सांगा.

तुमच्या मनात काही वाईट नाही हे मला दिसतंय. त्याच्याही मनात नसणार. आपला भाऊ परदेशात हौस करतोय, आपल्या हातात कसब आहे, करून देऊ, एवढाच त्याचा भाव. पण 1959 च्या शस्त्र कायद्याला हौस कळत नाही. परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा त्या कायद्याच्या कलम 5 चा भंग आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. नमुना सहाशे वर्षांपूर्वीचा असला तरी नळी आज बनते, एका बाजूने बंद असते, तिला कान, म्हणजे बत्ती द्यायचं बारीक भोक, पाडलेला असतो आणि दारूने ती उडते. पोलिसांच्या लेखी ती गावठी बंदूक. वर ती विमानतळावर तुमच्या बॅगेत सापडली तर परवान्याविना शस्त्र देशाबाहेर नेण्याचा दुसरा गुन्हा. एका चांगल्या कारागिराचं वर्कशॉप आणि त्याचं घर यात ओढलं जाईल. जर्मनीतल्या नळीचा भाव तुम्हाला जड वाटतोय, पण हे त्याच्याशी ताडून बघा.

तुमचं ऐकून आणखी कुणी तुम्हाला एक तोडगा सुचवेल, म्हणून तोही सांगून टाकते. भारतात बनलेल्या तोड्याच्या (पेटत्या दोरीने उडणाऱ्या) आणि चकमकीच्या बंदुका इंग्लंड-अमेरिकेत नाटकवाले आणि हौशी मंडळी बऱ्याच घेतात. त्यातल्या पुष्कळ कान न पाडता विकल्या जातात, म्हणजे कागदोपत्री शोभेच्या. मग घेणारा घरी ड्रिल लावून कान पाडतो. त्या नळीला कोणत्याही चाचणीगृहाने हात लावलेला नसतो. ती पहिल्या बाराला टिकेल, पन्नासाव्यालाही टिकेल, आणि एकावन्नाव्याला काय करेल ते कोणी सांगू शकत नाही. या वाटेने जाऊ नका.

आता मूळ प्रश्न. तुम्ही बनवणारा शोधताय. मी तुमच्या जागी असते तर आधी दोन गोष्टी पक्क्या केल्या असत्या: नक्की कोणत्या वस्तूची प्रत करायची, आणि तिच्यावर चाचणीचा कोणता शिक्का असला पाहिजे. या दोन्हींची उत्तरं हातात असली की बनवणाऱ्यांच्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

वस्तूच्या बाबतीत तुमचं नशीब थोर आहे. टॅनेनबर्गची हाततोफ तुमच्याच शहरात आहे, गेर्मानिशेस नॅशनल म्युझियमच्या संग्रहात. हेसमधला टॅनेनबर्गचा किल्ला 1399 मध्ये वेढा घालून उद्ध्वस्त केला गेला. त्या वेढ्यात फ्रँकफर्ट शहराची अजस्र तोफ लागली होती. 1849 मध्ये तिथे खोदकाम झालं आणि ढिगाऱ्यातून ही लहानशी कांस्याची नळी निघाली. किल्ला पुन्हा उभा राहिलाच नाही, म्हणून ती 1399 च्या आधीची, हे ठामपणे म्हणता येतं. मध्ययुगातल्या फार थोड्या हाततोफांचा काळ इतक्या भरवशाने सांगता येतो. प्रत करणारे पुन्हापुन्हा तिच्याकडेच वळतात याचं हेही एक कारण असावं.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या लहानपणानेच चकित झाले. लांबी सुमारे 32 सेंटीमीटर, वजन सव्वा किलोच्या आसपास. आपल्याकडचा वरवंटा डोळ्यांसमोर आणा, तेवढीच. मागच्या टोकाला खोबण आहे, तिच्यात लाकडी दांडा बसायचा. तो दांडा काखेत धरून किंवा खांद्यावर टेकवून ती चालवली जायची. आणि आतली नळी सरळ नाही! पुढे गोळीपुरती रुंद आणि मागे, जिथे दारू बसते तिथे, अरुंद. दारूची कोठी गोळीच्या वाटेपासून वेगळी काढलेली आहे. बाहेरून हे अजिबात दिसत नाही, त्यामुळे स्वस्तातल्या बहुतेक प्रतींमध्ये आत सरळ भोक असतं. ते धोक्याचं आहे असं मी म्हणत नाही. पण बनवणाऱ्याला पत्रात सहज विचारून बघा, दारूची कोठी मुळासारखी ठेवणार का? ज्याने मूळ वस्तूचा अभ्यास केलाय तो लगेच बोलायला लागेल: ठेवतो, किंवा ठेवत नाही, आणि का. ज्याने नुसता फोटो पाहिलाय त्याला प्रश्नच कळणार नाही. माणूस ओळखायला याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

जाण्याआधी ती सध्या दालनात मांडलेली आहे की कोठारात, ते संग्रहालयाला विचारून घ्या. प्रत करायची आहे, मापं हवीत, असं सभ्यपणे लिहिलं तर शस्त्रविभागाचे अभ्यासक शक्यतो रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत.

तुमच्या काळाबद्दलही एक शंका मनात आली. तुमचा गट 1420 च्या पुढचा. त्यात 1399 च्या आधीची तोफ म्हणजे वडिलोपार्जित वस्तू. ते चालेल, गरीब पायदळी शिपायाच्या हातात वीस-तीस वर्षांचं हत्यार असणारच. पण तुम्ही हुसाइटांच्या बाजूने उभे राहणार असाल तर न्यूरेंबर्गहून चेक सीमा काही लांब नाही, एकदा ताबोरच्या हुसाइट संग्रहालयात जाऊन या. तिथल्या नळ्या या गाड्यांच्या तटबंदीमागून लढणाऱ्या लोकांच्या आहेत. हुसाइटांचा सेनापती यान झिश्का याचे लोक या हातातल्या नळीला 'पिश्त्याला' म्हणजे पावा, पिपाणी म्हणत. आपण 'पिस्तूल' म्हणतो तो शब्द तिथूनच निघाला असं पुष्कळ भाषातज्ज्ञ मानतात. त्यांच्या 'हौफनित्से' या तोफेच्या नावावरून हॉवित्झर हा शब्द आला, त्याबद्दल तर वादच नाही. नळीखाली हुकासारखा आकडा असलेला प्रकारही त्या शतकात दिसतो. तो आकडा भिंतीच्या किंवा गाडीच्या फळीच्या कडेला अडकवायचा म्हणजे धक्का फळी खाते. तुम्ही गाडीवर उभे राहणार असाल तर तो जास्त शोभेल. मात्र तोडा धरणारी वाकडी कळ नको. तिचं चित्र 1411 च्या एका हस्तलिखितात आहे खरं, पण साध्या शिपायाकडे दांडा, नळी आणि हातात पेटता तोडा एवढंच ठेवा. ते निर्विवाद आहे.

ही झाली वस्तू. आता शिक्का, आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल.

बायर्नमधल्या, म्हणजे बव्हेरियातल्या, ज्या गावात मी बरीच वर्षं राहिले तिथे ब्योलरवाल्यांचं मंडळ होतं. लग्नाला, जत्रेला, नव्या वर्षाला ब्योलर म्हणजे हातातल्या आखूड जाड नळीने बार काढायची त्या भागातली जुनी रीत आहे. मीही मंडळात होते. एका वर्षी मी जुन्या धाटणीची एक नळी मागवली, एका कारागिराकडून. नाव नको. नळी आली तेव्हा मी अक्षरशः कुरवाळली तिला, इतकी सुबक होती. मंडळातल्या एका म्हाताऱ्या सुताराने ती माझ्या हातून घेतली, काही न बोलता एक बारीक दिवा दोऱ्याला बांधून तळापर्यंत सोडला आणि मला म्हणाला, वाकून बघ. तळापासून बोटभर वर एक काळी रेघ गोल फिरलेली होती, केसाएवढी. म्हणजे नळी एकसंध नव्हती. आरपार पाइप घेऊन मागून बूच बसवलं होतं आणि बाहेरून घासून ते लपवलं होतं. कारागिराने मला सांगितलं होतं, भरीव दांड्यातून कोरलंय.

तरी मी ती चाचणीला पाठवली, कारण माझा विश्वास बसत नव्हता. चाचणीगृहात नळीची मापं घेतात, आत-बाहेर तपासतात, मग नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बंद खोलीत दुरून बार काढतात आणि पुन्हा मोजतात. नळी फुगली, चिरली, कुठे सांध्यातून धूर निघाला की संपलं. माझी परत आली ती शिक्क्याशिवाय. त्या केसाएवढ्या रेघेत आता नख अडकत होतं. तो बार माझ्या हातात, चेहऱ्यापासून दोन फुटांवर निघाला असता.

म्हणून सांगते, तुमचा कारागीर तो, जो स्वतः होऊन म्हणेल की नळी चाचणीगृहातून शिक्का मारून आणतो आणि मगच तुमच्या हातात देतो. जर्मनीत ही चाचणी ऐच्छिक नाहीच. तिथे तिला बेशुस म्हणतात, आणि बार काढायची कोणतीही नळी तिच्याशिवाय विकता येत नाही. बायर्नची दोन चाचणीगृहं म्युनिकला आणि मेलरिखश्टाटला आहेत, म्हणजे एक तर तुमच्या फ्रँकोनियातच, न्यूरेंबर्गच्याच प्रदेशात. शिवाय उल्म, सूल अशी इतरही. काळ्या दारूसाठी पास झालेल्या बंदुकीच्या नळीवर गरुड आणि खाली 'एसपी' ही अक्षरं, त्या चाचणीगृहाचं चिन्ह, आणि चाचणीचं वर्ष सांगणारी अक्षरं असतात. सोबतच्या कागदावर जास्तीत जास्त किती दारू चालेल तो आकडा असतो. तोच आकडा पाळायचा. गटातल्या जुन्या माणसाचाही नाही, माझाही नाही, त्या कागदावरचा. आणि दारू फक्त काळीच. आधुनिक काडतुसातली धूररहित दारू या नळीत चिमूटभरही नको.

चेक कारागिराकडून घेतलीत तर प्रागच्या चाचणीगृहाचा शिक्का जर्मनीत चालतो. दोन्ही देश 1969 च्या त्याच आंतरराष्ट्रीय कराराचे सदस्य आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण हुसाइट काळाची हौस चेक लोकांइतकी कुणालाच नाही, आणि त्यांच्यासाठी काम करणारे लोहार, कातारी तिकडे आहेत.

माणूस शोधायला जाहिराती चाळत बसू नका. तुमच्या गटात आणि शेजारच्या गटांत ज्यांच्याकडे वाजणारी नळी आहे त्यांच्याजवळ जा, नळी बघायला मागा, शिक्का वाचा, आणि विचारा: पाच वर्षांनी कानाची अवस्था काय आहे? कान लवकर मोठा होत असेल तर धातू बरा नव्हता. गावोगावच्या ब्योलर मंडळांनाही विचारा. त्या मंडळींचा दरवर्षी या कामाशी संबंध येतो आणि कोणाच्या नळ्या चाचणीतून परत येतात ते त्यांना तोंडपाठ असतं. डेन्मार्कमध्ये न्यूक्योबिंग फाल्स्टरजवळ मिडलअल्डरसेंटर म्हणून मध्ययुगाचं खुलं संग्रहालय आहे. स्वीडनच्या लोशुल्टला सापडलेल्या चौदाव्या शतकातल्या तोफेची प्रत करून त्यांनी चाचण्या घेतल्या आहेत. तुमची खरेदी तिथे होणार नाही, पण एखाद्या सुट्टीत मुलाला घेऊन जरूर जा.

दोन-तीन नावं हाती आली की प्रत्येकाला छोटं पत्र लिहा. बनवायचा परवाना आहे का, नळी भरीव दांड्यातून कोरणार का, धातूचा दाखला देणार का, आणि चाचणीत नापास झाली तर खर्च कोणाचा. शेवटच्या प्रश्नावर जो कुरकुरतो त्याला सोडून द्या. आणखी एक गोष्ट पहिल्याच पत्रात स्पष्ट करा: तुम्हाला नुसता बार काढायचा आहे की कधी मैदानावर गोळीही मारायची आहे. जर्मन कायद्यात ब्योलर आणि बंदूक ही दोन वेगळी खाती आहेत, त्यांची चाचणीही वेगळी. ब्योलर दर पाच वर्षांनी पुन्हा चाचणीला न्यावा लागतो, आणि त्यात गोळी कधीच घालायची नाही. तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुम्हाला आवाज, धूर आणि तो क्षण हवा आहे. तर ब्योलर म्हणूनच करून घ्या. बाहेरून तो टॅनेनबर्गसारखा असायला काहीच हरकत नाही.

धातूबद्दल माझं मत थोडं हट्टी आहे. मूळ कांस्याची आहे, तर प्रतही कांस्याचीच असावी. ओतलेल्या नळीत हवेचे बुडबुडे राहण्याची भीती असते, म्हणून तयार भरीव दांडा घेऊन कोरलेली बरी. पोलादी नळी स्वस्त पडेल आणि तितकीच सुरक्षित असेल. पैशांची ओढ असेल तर ती घ्या, मी नाराज होणार नाही. पण ऊन पडलं की कांस्य जसं दिसतं, आणि चार बारांनंतर कानाभोवती जो रंग चढतो, तो पोलादाला येत नाही. भिंत मुळापेक्षा जरा जाड ठेवावी लागली तर वाद घालू नका.

खर्च जड वाटतोय ना? मग या वर्षी नळी घेऊच नका. कारण तोफेच्या आधी तुम्हाला दारूचा परवाना लागणार आहे, आणि त्यालाच वेळ लागतो. तोड्याने पेटणारी जुन्या धाटणीची नळी जर्मनीत 18 वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय विकत घेता येते, त्यामुळे पुष्कळांची समजूत होते की झालं सगळं. दारूचं तसं नाही. स्फोटकांच्या कायद्याच्या कलम 27 खाली परवाना काढावा लागतो, त्याआधी सरकारमान्य शिक्षणवर्ग आणि परीक्षा, आणि त्याहीआधी तुमच्याविरुद्ध काही नोंद नाही असा दाखला. तो दाखला मिळेपर्यंत वर्गात बसू देत नाहीत. तेवढ्या काळात पैसे साठतील, संग्रहालयाच्या चार फेऱ्या होतील आणि तुमचं मतही दोनदा बदलेल. तोवर सरावाला लाकडी भरीव तोफ घ्या, भोक नसलेली. दांडा काखेत कसा बसतो, तोडा कोणत्या हातात, शेजारच्यापासून किती अंतर, हे सगळं तिच्यावर शिकता येतं.

मामेभावाचा हिरमोड होऊ नये असंही वाटतं. कोल्हापुरात चामड्याचं काम उत्तम होतं; तोड्याची गुंडाळी आणि हत्यारं ठेवायला कमरेची साधी पिशवी, पंधराव्या शतकातल्या चित्रावरून, त्याच्या ओळखीच्या कारागिराकडून शिवून मागवा. ती खुशाल बॅगेत घालून आणा.

राहिल्या तुमच्या पत्नी. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं आणि तुम्हीही ते मनापासून पटवून घ्या. परवान्याविना मिळणारी नळीसुद्धा कुलपात ठेवायची, हे कायद्यानेच सांगितलंय. त्यापुढे मी माझ्यापुरते दोन नियम केले होते. दारू घरात ठेवायचीच नाही. ती मंडळाच्या परवानाधारक कोठारात राहायची. आणि कार्यक्रमावरून नळी आली की सगळ्यात आधी साफ करायची, कितीही दमले तरी, घरातल्या माणसासमोर गज तळापर्यंत घालून रिकामी असल्याची खात्री करायची आणि मग कुलूप. माझ्याकडे किल्ली नवऱ्याकडे असायची. तुम्हीही ती पत्नीकडे द्या.

आणि पहिल्या कार्यक्रमाला दोघांना घेऊन जा, पण दोरीच्या पलीकडे, कानाला मफ लावून. मुलगा विचारेल, हात लावू का. सात वर्षांच्या मुलाला थंड, साफ केलेली, रिकामी नळी तुमच्या देखत हातात घेऊ द्या आणि दिवा सोडून आत बघायला शिकवा. तळाशी रेघ दिसते का ते त्याला विचारा.